चौथा ठोका

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना मी भर वर्गात उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, या कवितेत छपाईची चूक आहे. शेवटच्या ओळीतला एक शब्द राहिला."

वर्ग हसला. हसणारच. ज्यानं बारावीच्या इंग्रजीत पास होण्यासाठी मारुतीला अकरा नारळ बोलले होते, आणि पास झाल्यावर त्यातले सहाच फोडले होते, तो गडी इंग्रज कवीची चूक काढत होता. कवी इंग्रज नव्हता, हे तर मला ठाऊकही नव्हतं. गफ्फार सर टेबलामागे उभे होते. त्यांचा उजवा हात टेबलापासून वीतभर वर, हवेत थांबलेला. मला वाटलं, आता हा हात माझ्याकडे येतो.

"नाव काय बे तुह्यं?"

"काकडे."

"काकडे, बस. इतके वर्षं शिकवून राह्यलो मी ही कविता. आज पहिल्यांदा कोनाले भोक दिसलं."

मी बसलो. ही शाबासकी की फजिती, ते मला कळलं नाही. शेजारच्यानं कानात सांगितलं, "फजिती." आम्ही दोघंही तेच धरून चाललो.

पुढे मी वणीतच छापखाना टाकला. म्हणजे शब्द राहू नयेत याचीच मी तीस वर्षं रोजी खातो आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांती, तेरवी, दुकानांची उद्घाटनं. सर गेले त्याला आता सहा महिने होतील. त्यांच्याबद्दल लिहायला त्यांचे हुशार विद्यार्थी पुष्कळ आहेत. पण त्यांच्यापैकी कुणीही सरांचं माझ्याइतकं नुकसान केलेलं नाही, म्हणून हे मी लिहितो आहे.

सरांचं घराणं पिंजाऱ्यांचं. वडील गाद्या-रजया भरायचे, आई टाके घालायची. गावात बरीच वर्षं त्यांची ओळख 'पिंजाऱ्याचा पोरगा, तो इंग्रजीचा मास्तर झाला तो' अशीच होती, आणि सरांना ती फार आवडायची. उंचीला बेताचे, अंगावर कायम फिक्या रंगाचा बुशशर्ट, खिशात बडीशेपेची डबी. लुनावरून येत. लुनाचा आवाज बिघडला की मेकॅनिककडे न जाता आधी रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकत. "तिसरा ठोका खाऊन राह्यली," म्हणत. मेकॅनिक सांगायचा की सरांचं निदान बहुतेक वेळा बरोबर निघतं, फक्त ते दुरुस्त काय करायचं ते सांगत नाहीत.

त्यांना सगळ्या गोष्टींत ठोके ऐकू यायचे. कॉलेजजवळच्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात. गतिरोधकावर आधी पुढची चाकं, मग मागची, मग रिकाम्या फाळक्याचा खडखडाट. ट्रक आला की सर वाक्य अर्धं सोडून थांबत, तो पुरता निघून जाईस्तोवर. एकदा कुणीतरी विचारलं, सर, आपण खिडकी का नाही लावत? सर म्हणाले, "काहून? त्याचंही कडवं पुरं होऊ दे न."

माझ्या लग्नात ते पहिल्या रांगेत होते. मंगलाष्टकं चालू असताना मी अंतरपाटाच्या अलीकडे उभा, आणि पाहतो तर सर खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरून बसलेले. अक्षता पडल्यावर ते भटजींकडे गेले आणि फार अदबीनं म्हणाले, "महाराज, तिसऱ्या अष्टकात एक ठोका घसरला आपला." भटजींनी त्यांच्याकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाले, "माईकनं शॉक दिला जी." रजनी, म्हणजे माझी बायको, बोहल्यावरून हे सगळं ऐकत होती. सासरच्या गावातलं तिनं ऐकलेलं पहिलं संभाषण ते. अजूनही ती म्हणते, तुमच्या सगळ्या लग्नात लक्ष देऊन ऐकणारा तो एकच माणूस होता.

तर ती कविता.

सरांना ती रद्दीत सापडली होती. कव्हर गेलेलं, पहिली पानं गेलेली एक जुनी इंग्रजी पुस्तिका. कवीचं नाव फाटून गेलेल्या भागात राहिलं. खाली एका टिपेत एवढंच उरलं होतं की कवी आयर्लंडचा आणि कविता पहिल्या महायुद्धातली. सरांनी तिच्या सायक्लोस्टाइल प्रती काढल्या होत्या. अभ्यासक्रमात ती नव्हती, परीक्षेत यायची नव्हती. तरी दरवर्षी थंडी सुरू झाली, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आणि हवेत कापूस उडायला लागला, की दोन तास त्या कवितेचे.

तीनच कडवी. एक बाप सांजेला घरात बसून ऐकतो आहे. विहिरीचा दोर, पाण्याहून परतणाऱ्या पोरी, कुत्रा. आणि शेवटी फाटकाची कडी, म्हणजे पोरगा घरी आला. पोरगा सैन्यात आहे. तेही दुसऱ्याच्या राजासाठी लढायला गेलेला, पण हे कवितेत कुठंही सांगितलेलं नाही. पहिल्या कडव्यात कडी वाजते. दुसऱ्यात वाजते, पण ती आठवणीतली. तिसऱ्यात वाजत नाही. बस.

"प्रत्येक ओळीत चार ठोके," सर सांगत आणि टेबलावर तळहातानं वाजवून दाखवत. "चौथ्या ओळीचा चौथा ठोका म्हंजे कडी. आता तिसरं कडवं ऐका." ते वाचत. शेवटच्या ओळीला एक, दोन, तीन, आणि हात वर जाऊन तिथंच थांबे. ज्या थांबलेल्या हाताखाली मी शब्द राहिल्याची तक्रार केली, तो हाच.

दुसऱ्या दिवशी सर बापाचं पिंजण घेऊन वर्गात आले. ते माणसापेक्षा उंच धनुष्य, आतड्याची तात ताणलेली. रिक्षात मावलं नाही म्हणून गड्याच्या खांद्यावर दिलेलं. टेबलावर सतरंजी, सतरंजीवर पायलीभर कापूस. सरांनी लाकडी मुठीनं तातीवर मारायला सुरुवात केली. तीन ठोके कापसात, आणि चौथ्याला तात उचलून मोकळ्या हवेत. तीन घुमे आणि एक टणत्कार.

"चौथा हवेत कायले?" सरांनीच विचारलं आणि सरांनीच सांगितलं. "तातीला चिकटलेला कापूस सुटला पाहिजे म्हणून. माह्या बापाची रीत. चौथा ठोका कापसात मारला तर गोळे होतात. तो रिकामाच गेला पाहिजे."

पंधरा मिनिटांत वर्गात इतका कापूस उडाला की पुढच्या तासाचे अर्थशास्त्राचे सर शिंकत शिंकत प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य आले, दारात थांबले. त्यांच्या काळ्या कोटावर कापूस बसायला लागला. "गफ्फारभाई, हे काय चाललंय?"

"छंदशास्त्र, सर," गफ्फार सर म्हणाले आणि चौथा ठोका हवेत मारला.

यमकांचं त्यांनी आईच्या रजईवरून शिकवलं. आयरिश लोकांची जुनी रीत अशी की एका ओळीच्या शेवटच्या शब्दाचं यमक दुसऱ्या ओळीच्या शेवटी येत नाही, तिच्या पोटात कुठंतरी येतं. सर रजईचा कोपरा धरून दाखवत. सुई इथं खाली गेली, दिसेनाशी झाली, आणि पुढच्या रांगेत मधेच वर आली. "वरून पाह्यलं तर टाके सुटे. आतून धागा एकच." आणि ओळींच्या टोकाला जी यमकं होती तीही अर्धीच. व्यंजनं तीच, स्वर बदललेला. कान पुढे होतो आणि जुळता जुळता राहून जातं. "जुन्या दारावानी," सर म्हणत. "वढलं तं लागते, पन फट राह्यते. त्या फटीतून जे गार वारं येते न, ते म्हंजे ही कविता."

मला तेव्हा यातलं अर्धंच समजलं, तेही कापसामुळे. पण त्या वर्षापासून मी सरांच्या घरी जायला लागलो. आधी पुस्तकं आणायला, मग छापखाना झाल्यावर पत्रिकेतलं इंग्रजी तपासून घ्यायला, आणि पुढे पुढे नुसताच. घर राजूरच्या बाजूला, गावाच्या टोकाला. समोर अंगण, अंगणात चाचींच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, बकऱ्या, लोखंडी फाटक. फाटकाला एक जड कडी, येता-जाता उचलून सोडली की 'खट्' असा आवाज पार मागच्या विहिरीपर्यंत जायचा. मी एकदा तेलाची बाटली घेऊन गेलो होतो, बिजागऱ्यांना आणि कडीला घालावं म्हणून. मला असं दुसऱ्यांकडचं दुरुस्त करायची खोड आहे. सर म्हणाले, "बिजागऱ्यायले घाल. कडीले हात लावू नको."

का, ते त्याच संध्याकाळी कळलं. आसिफ, त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा फौजेच्या भरतीची तयारी करत होता. रोज राजूरच्या रस्त्यानं पळून यायचा. तो वळणावर दिसला की ओसरीत बसलेले सर खुर्चीच्या हातावर ठोके देत. एक. दोन. तीन. आणि नेमक्या चौथ्याला आसिफ कडी सोडून ओरडायचा, "चार!"

"लहान होता तवापासून चालू हाय हे," सर म्हणाले. चेहरा असा, की जणू कुणी दुसऱ्याच्या पोराबद्दल बोलतंय. "आजपर्यंत एकदाही चुकला नाही हा बेटा."

भरती झाली. सरांच्या मनात त्याला प्राध्यापक करायचं होतं, हे मला चाचींकडून कळलं. सर स्वतः त्यावर कधी बोलले नाहीत. आसिफ पहिल्या सुट्टीवर येऊन गेला तेव्हा एवढंच म्हणाले, "चाल बदलली पोराची. तिथं सगळे एकाच ठोक्यात चालतात. चांगलं हाय. कोनी मागं राह्यत नाही."

तो गेला तो लढाईत नाही. वर कुठंतरी चौकी होती, बर्फ सरकला.

मातीला सगळं गाव आलं, खेड्यापाड्यांतून ट्रॅक्टर भरून लोक आले. दफन झाल्यावर मैदानात श्रद्धांजलीची सभा झाली. सूत्रसंचालकानं स्वतः रचलेल्या ओळी म्हटल्या. बलिदानाला अभिमान, अभिमानाला स्वाभिमान, सगळं चोख जुळवलेलं. लोकांनी डोळे पुसले, मीही पुसले. सर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे न पाहता हळू आवाजात म्हटलं, "यमक लय पक्कं हाय याचं." आणि थोड्या वेळानं, "दुःख इतकं पक्कं बसत नाही बे."

त्या थंडीत सरांनी ती कविता शिकवली की नाही, हे मला विचारायचं धाडस झालं नाही. पुढे त्या वर्गातला एक जण स्वतःच्या लग्नाची पत्रिका छापायला माझ्याकडे आला, त्यानं सांगितलं. सरांनी शिकवली. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी हात वर गेला आणि तिथंच राहिला. पोरं वाट पाहत बसली. तासाची घंटा झाली. हात खाली आला नाही. मग एकेक जण पाय न वाजवता उठून बाहेर गेला. "शेवटी मी निघालो, काका," तो म्हणाला. "दारातून पाह्यलं. तसाच होता हात."

निवृत्तीनंतर सरांनी त्या कवितेचं मराठी करायला घेतलं. मराठी म्हणजे आपलं, इकडचं. पहिली दोन कडवी वर्षभरात झाली. तिसरं अडलं, ते किती वर्षं अडलं याची गणती नाही. आठवड्यातून एकदा छापखान्यात यायचे, बडीशेपेची डबी पुढे करायचे. मी विचारायचो, "सर, झालं का?" ते म्हणायचे, "तीन ओळी झाल्या." पुढच्या खेपेला, "तीन ओळी गेल्या." माझ्या मशीनवर पत्रिका छापल्या जात असताना तिच्या आवाजावर बोटांनी ताल धरून बसायचे. मशीनचं काही बिघडलं तर मला आधी त्यांच्या बोटांवरून कळायचं.

आणि मागच्या वर्षी, लग्नसराईच्या ऐन धामधुमीत, वहीतला एक कागद घेऊन आले.

"छाप. दोनशे प्रती. परवा आसिफची बरसी हाय, आलेल्या मान्सायले देतो."

मी म्हणालो, "संध्याकाळी प्रूफ दाखवतो."

"प्रूफ कायले? तू तोच न, ज्याले भोक दिसलं होतं?"

शेवटचं कडवं असं होतं:

वाऱ्यानं हलते आडाची दोरी,
पोरी परतल्या पाणी घेऊन;
येऊन बसला कुत्राही दारी,
सारी वस्ती आली

आता मी जे केलं ते सांगतो. पत्रिका छापणाऱ्याचा हात एका वळणाचा होऊन जातो. लोक चारोळ्या घेऊन येतात, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' अशा. कुणाची ओळ आखूड पडते, कुणाची लांबते. मी टाइप करता करता शब्द घालतो, काढतो, जुळवून देतो. यजमान खूश होतात, म्हणतात, काकडेभाऊ, तुमच्या हाताला गुण आहे. त्या दिवशी माझ्यापुढे अकरा पत्रिका होत्या, फोन वाजत होता, एक नवरदेवाचा मामा समोर बसून 'आमचं नाव मोठ्या अक्षरात' म्हणत होता. हातानं शेवटची ओळ टाइप केली. ती आखूड पडली. हातानं पुरी केली. 'सारी वस्ती आली घरी.'

डोक्याला विचारलंच नाही. ज्या एका कवितेतलं भोक मला जगात सर्वांआधी दिसलं होतं, तेच मी बुजवलं. आणि वर दोनशे प्रती काढल्या, जाड कागदावर, सरांसाठी म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी गठ्ठा घेऊन गेलो. सर ओसरीत होते. चाची आत उद्याच्या फातेहाची तयारी करत होत्या. सरांनी वरची प्रत घेतली, कागद बोटांत चोळून पाहिला, म्हणाले, "वा, कागद मस्त लावला बे." आणि खुर्चीच्या हातावर ठोके देत वाचायला लागले. पहिलं कडवं. दुसरं. तिसरं. आडाची दोरी, पाणी घेऊन, कुत्राही दारी. मला अजून काही सुचलेलं नव्हतं. मी कौतुक ऐकायला बसलो होतो.

सारी. वस्ती. आली. हात वर गेला.

आणि तिथं शब्द होता. हात खाली आला. लाकडावर ठक् असा आवाज झाला.

त्या आवाजानं मला कळलं. सर कागदाकडे पाहत राहिले. मग अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाले, "आन जुळवलं तेही तिसऱ्या ओळीशी. चौथीनं दुसरीशी जुळाले पाह्यजे, काकडे."

"सर, मी आत्ता जातो. दोन तासांत दुसऱ्या छापून आणतो. सगळ्या. मी..."

"बस."

"सर, माझ्या हातून..."

"बस म्हनलं न."

मी बसलो. बकऱ्या अंगणात चारा खात होत्या. मग ते म्हणाले, "माह्या पहिल्या खर्ड्यातही हाच शब्द होता. घरी. मले तो काढाले किती वर्षं लागले, तुले म्हाईत हाय? रोज काढायचो, आन रोज सकाळी पुन्हा लिहायचो. बाकीचं कडवं तयार होतं बे. ह्या एका शब्दासाठी अडलं होतं." त्यांनी प्रत मांडीवर ठेवली. "नवीन छापू नको. मीच काढतो. मले सवय हाय."

त्यांनी आतून दाढीचं ब्लेड आणलं, मधून मोडून अर्धं केलं, आणि पहिल्या प्रतीवरचा तो शब्द खरवडायला लागले. हलक्या हातानं, एकाच दिशेनं. काळी भुकटी निघायची, ती फुंकरीनं उडवायचे. दोन मिनिटांत शब्द गेला. जागा पांढरी झाली, कागद तिथं पातळ झाला. ती प्रत उजवीकडे ठेवली, दुसरी घेतली.

मीही एक अर्धं ब्लेड उचललं. दुसऱ्याच प्रतीला भोक पाडलं. सरांनी माझ्या हातातून ब्लेड काढून घेतलं. रागानं नाही.

"तू नको. तुह्या हातानं फक्त भरनं होते."

चाची चहा घेऊन आल्या. त्यांनी गठ्ठा पाहिला, ब्लेड पाहिलं, सरांच्या हाताकडे पाहिलं. कपाळावरचा पदर सारखा करत मला म्हणाल्या, "बेटा, चाय पीके जा." सर पुढची प्रत घेत होते. वीस झाल्या, तीस झाल्या. मी बोलत राहिलो. कागदाबद्दल, शाईबद्दल, मशीनच्या रोलरबद्दल. ते हूं म्हणत होते. शेवटी मला स्वतःचा आवाज सहन होईना. उठलो.

"येतो, सर."

"हो."

बरसीला मी गेलो नाही. लग्नसराईचं काम आहे, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे तोंड दाखवायची हिंमत नव्हती. धीर गोळा होईस्तोवर आठ दिवस गेले, आणि नवव्या दिवशी सकाळी निरोप आला. रात्री झोपेतच. त्यांच्या मातीला गेलो तेव्हा चाचींनी एक प्रत माझ्या हातात दिली. मी भोक पाडलेली एक सोडून बाकी सगळ्या सरांनी बरसीच्या आधी साफ केल्या होत्या. चाचींनी दिलेली प्रत आता छापखान्यात काचेत लावली आहे. पत्रिका छापायला आलेले लोक वाचतात. कुणीतरी बोट दाखवून म्हणतंच, "काकडेभाऊ, इथं एक शब्द राहिला वाटते."

मी म्हणतो, "नाही. बरोबर आहे."

पण मला सर आठवतात ते मातीच्या दिवशीचे नाहीत. त्या दुपारचे आठवतात. मी अंगण ओलांडलं, बकऱ्यांना मागं सारलं, फाटकाबाहेर आलो आणि सवयीनं फाटक ओढून कडी सोडली. खट्.

ओसरीत सरांचा हात थांबला. मान वर झाली. एवढ्या लगबगीनं मी त्यांना कधी वर पाहताना पाहिलं नव्हतं. चेहरा उजळलेला, ओठ किंचित उघडे, पुढचा शब्द कुणीतरी ओरडेल म्हणून थांबल्यासारखे. पळभरच. मग त्यांना फाटकाबाहेर मी दिसलो. त्यांनी मान हलवली, मला निरोप दिल्यासारखी, आणि ब्लेड पुन्हा कागदाला लावलं.

संध्याकाळी घरी रजनीला सगळं सांगितलं. शब्दाचं, ब्लेडचं आणि कडीचं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मला वाटलं, ती शब्दाबद्दल बोलेल, मी इतका मूर्ख कसा, वगैरे. त्याची मी उत्तरंही तयार ठेवली होती. तिनं सोललेले दाणे सुपात ओतले. मग म्हणाली, "अजी, अशा घरून येताना फाटक लावू नये. उघडंच टाकून यावं."

मी म्हणालो, "रस्त्यावरच्या बकऱ्या शिरतात न आत."

"शिरू द्या," ती म्हणाली.